दोष मोहाच्या वासाचा नव्हता

धानोरा
शुक्रवार, दि. ११ एप्रिल २०२५
सकाळचे नऊ वाजून चाळीस मिनिटे. बुधरीताईंची गाडी बॉनेट उघडून उभी आहे. सायलेन्सर थंड व्हायची वाट पाहत मी जुन्या टायरवर बसलो आहे.

प्रिय अतुलदादा,

सप्रेम जयभीम.

इकडे सगळे बरे आहेत. बाबांचा खोकला उतरला. डॉक्टरांनी बिडी बंद सांगितली, तर आता ते बिडी न पेटवता नुसती ओठांत धरून बसतात आणि पेटवली नाही म्हणून आईकडून शाबासकी मागतात. आई विचारते, चौदा तारखेला येणार का. पताका लावताना शिडी तुझ्याइतकी घट्ट कोणी धरत नाही, असं तिचं म्हणणं आहे. मी धरतो ना, म्हटलं, तर म्हणाली, "तू शिडी धरते का शिडी तुले धरते, तेच समजत नाई."

नूतनवहिनींना नमस्कार. हे पत्र त्यांनीही वाचावं, म्हणून जे तुला माहीत आहे तेसुद्धा फोडून लिहितो आहे.

फोन का केला नाही, असं म्हणशील. केला होता. काल दोनदा. दोन्ही वेळा तू "गिऱ्हाईक आहे, मग बोलू" म्हणून ठेवून दिलास. त्यात तुझं चुकलं असं नाही. मला वाक्य जुळवायला वेळ लागतो. कागदावर कितीही वेळ लागला तरी समोरच्याला ताटकळावं लागत नाही.

बुधरीताईंची पांढरी मारुती तुला आठवत असेल. आपल्या गॅरेजमध्ये तू केलेलं ते शेवटचं काम. त्यानंतर तू बल्लारपूरला गेलास. त्यांचा डावा पाय लहानपणीच वाळला, क्लच दाबता येत नाही, म्हणून तू तो हाताशी आणून दिलास. तेव्हा तू मला गाडीखाली येऊ देत नव्हतास. "तू सतरा प्रश्न विचारते, माह्या डोक्यातलं निघून जाते," म्हणायचास. त्यामुळे ते काम मी नीट पाहिलं ते या आठवड्यात.

दादा, मला लिहिता येत नाही तसं लिहितो. गिअरच्या दांड्यावर तू जुन्या स्कूटरचा क्लच बसवलास, तिथून केबल बॉनेटखाली नेलीस आणि तिकडे लांब दांडा लावून जोर इतका हलका केलास, की तो क्लच दोन बोटांनी दाबला जातो. मी दार लावून आत बसलो आणि नुसता तो दाबत राहिलो. दाबला, सोडला. दाबला, सोडला. आत कुठेही अडकत नाही, कुठेही सैल नाही. केबलच्या टोकाला तू तार गुंडाळलीस, तिचे सगळे वेढे एकमेकांना चिकटून आहेत. जे कधी कोणाला दिसणार नाही, तेही तू असं केलंस. बाबा आले, म्हणाले, "का करून राह्यला रे आत? गाडी सुरू नाई, पेट्रोल नाई, चालला कुठी?" मी क्लच पुन्हा एकदा दाबला.

गाडीच्या डाव्या अंगाला थोडा पोचा आला होता, तो मी ठोकून काढला. त्याचं पुढे लिहितो.

आधी मोहाचं. तुला माहीत आहे, त्यांच्या गावात देवाला पहिलं मोहफूल दिल्याशिवाय कोणी एक फूलही विकत नाही. यंदा ती पूजा उरकली आणि बुधरीताईंची धावपळ सुरू झाली. ग्रामसभेने गोळा केलेला माल त्याच गाडीतून गडचिरोलीला नेतात. मागची सीट काढून टाकली आहे, तिथे पोती. रस्त्यावर धूळ फार, म्हणून काचा वर. आणि त्या वाळलेल्या मोहाचा वास! तू उघड्या अंगणात घेतला असशील. बंद गाडीत तो अंगावर पांघरूण पडावं तसा पडतो.

ताईंना गाडीत डोकं जड व्हायचं, डोळे मिटायचे. हिवाळ्यात हिरडा नेतानाही डोकं दुखायचं, पण तेव्हा थंडीने दुखतं म्हणून सोडून दिलं. आता तर सगळ्यांना कारणच सापडलं. गावातले झिंगूकाका, तेच, पांढऱ्या मिशांचे, चहाच्या टपरीवर बसून ओरडायचे, "बुधरी, तुह्या गाडीत पेट्रोल टाकते का मोह?"

ताई काच खाली करून म्हणायच्या, "मी त पेत नाई काका, मंग गाडीलेच पाजतो!"

सगळे हसायचे. मीही हसलो आहे. मोहाच्या नुसत्या वासाने चढते, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. म्हणून कोणी दुसरं काही शोधलंच नाही.

तो पोचा मागच्या शनिवारचा. वळणावर गाडी रस्ता सोडून सागाच्या झाडाला जाऊन टेकली.

मी "टेकली" असं लिहिलं, कारण पहिल्यांदा ताईंनीही तेच सांगितलं. पण शेजारी त्यांची भाची दिव्या बसली होती. तिने मला वेगळं सांगितलं. तिला मळमळत होतं, म्हणून तिने आपल्या बाजूची काच उतरवून तोंड बाहेर काढलं होतं. आत्या बोलेना म्हणून वळून पाहिलं, तर ताईंची मान छातीवर पडलेली आणि हात स्टिअरिंगवरून सुटलेले. गाडी आदळल्यावरही त्या जाग्या झाल्या नाहीत. दिव्याने त्यांना काखेत हात घालून ओढून बाहेर काढलं, झाडाखाली टाकलं, पाण्याची बाटली तोंडावर उपडी केली. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले. ओठ लालबुंद झाले होते, असं ती म्हणते.

लोक जमले. गाडीतून मोहाचा वास येत होता. चालवणारी बाई शुद्धीवर नव्हती. मग जे बोलायचं ते लोक बोलले. तीन दिवसांत सगळ्या रस्त्याने बातमी गेली, की बुधरी दारू पिऊन गाडी चालवते. ग्रामसभेत विषय निघाला, की यंदाचा राहिलेला माल पिकअपवाल्याला द्यावा.

सोमवारी त्या गाडी घेऊन माझ्याकडे आल्या. स्वतः चालवत, सगळ्या काचा खाली करून. काठी टेकत उतरल्या, याच टायरवर बसल्या.

"मिथुन, मी पेली नवती."

"मले मालूम आहे ताई."

"तुले मालूम असून का करू? मी नाई पेली म्हणून कोणाले का दाखवू? तू गाडीत पाय. गाडीत काई निघालं त ठीक. नाई निघालं त मलेच सांग, का बुधरी, तुह्यातच हाये. मंग मी चाबी देऊन टाकतो."

दादा, पायाने अधू असलेल्या माणसाकडून गाडी काढून घेणं म्हणजे काय, हे तुला मी सांगायला नको. ती गाडी तू त्यांना दिलीस.

आता कामाचं लिहितो.

इंजिनातून धूर जिथून निघतो ते तोंड आणि सायलेन्सरचा पहिला नळ, या दोघांच्या मध्ये पॅकिंग असतं (हे वहिनींसाठी). ते जळलं की धूर मागच्या टोकापर्यंत न जाता बॉनेटखालीच सुटतो. त्या धुरात जो वायू माणसाला झोपवतो, ओठ लाल करतो, त्याला स्वतःचा वास नसतो. बाकीच्या धुराला असतो, पण तो मोहाच्या वासाखाली दबून गेला.

या गाडीचं ते पॅकिंग मी जानेवारीत बदललं होतं आणि मार्चमध्ये पुन्हा बदललं. दोन्ही वेळा मी जळलेलं काढलं, नवीन घातलं, नट आवळले आणि फटफट आवाज गेला म्हणून खूश झालो. या वेळी ते काढलं आणि आधीची दोन्ही डब्यातून शोधून शेजारी ठेवली. (मी जुनं काही टाकत नाही, त्यावरून तू मला भंगारवाला म्हणायचास.) तिन्ही एकाच बाजूने जळली होती. काळा ओघळ त्याच जागी. जणू एकाच पॅकिंगचे तीन फोटो.

तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. पॅकिंग खराब असतं तर ते कुठूनही जळलं असतं.

नवीन पॅकिंग घालून नट आवळले. थंड गाडीच्या मागच्या नळीत पंक्चरवाल्याची हवा सोडली आणि जोडावर साबणाचं पाणी ओतलं. एका बाजूला काही नाही. दुसऱ्या बाजूला फेसाचा डोंगर उभा राहिला. मग नट सोडले. शेवटचा नट सुटताच नळ स्वतःहून अर्धा इंच बाजूला उडाला. दाव्याने बांधलेलं वासरू सुटावं तसा. आधीही उडाला असणार, पण तेव्हा मी फक्त पॅकिंगकडे पाहत होतो. म्हणजे तो सरळ बसलेलाच नव्हता. नटांनी ओढून बसवलेला होता. तापला की तो आपल्या जागी जायला पाहायचा आणि रोज थोडं थोडं पॅकिंग उचलायचा.

खाली शिरून पाहिलं. नळाला एके ठिकाणी कापून, किंचित वाकवून पुन्हा वेल्डिंग केलेलं आहे. वेल्डिंग सुंदर आहे. भाताच्या लोंबीसारखे एकावर एक दाणे. ते कोणाचं आहे, हे मला कोणाला विचारावं लागलं नाही.

तू तो नळ का सरकवलास, हे समजायला मला तासभर लागला. तुझी क्लचची केबल तिथून जाते. नळ जागच्या जागी राहिला असता, तर केबल तापली असती, आतलं ग्रीस वितळलं असतं आणि कधीतरी भर रस्त्यात क्लच ताईंच्या हातात जड झाला असता. त्यांच्या हाताला त्रास होऊ नये म्हणून तू लोखंडाचा नळ हलवलास. मी खाली पडून ते पाहत होतो आणि मला वाटलं, एवढी काळजी कोणी कोणाची करत नाही. आणि त्याच काळजीतून हे झालं.

अजून एक आहे. केबल आत नेण्यासाठी तू भोक पाडलंस आणि त्यात सायकलच्या ट्यूबचं रबर बसवलंस. ते नळाच्या गरमीने पापडासारखं झालं आहे. मी बॉनेटखाली टॉर्च लावून ठेवला, गाडीवर ताडपत्री टाकली आणि आत बसलो. दिवसाढवळ्या आत काळोख. आणि पायापाशी, केबलच्या शेजारी, एक उजेडाचा ठिपका. तांदळाच्या दाण्याएवढा. दादा, मी त्याच्याकडे किती वेळ पाहिलं, सांगता येत नाही. एवढ्याशा जागेतून ते आत येत होतं. तिघी-चौघी बाया-पोरी त्या गाडीतून जातात, गाणी म्हणतात, आणि ते त्यांच्या पायाशी हळूहळू येऊन बसत होतं.

(मध्ये उठून हात लावून पाहिला. सायलेन्सर अजून गरम आहे.)

मी काय केलं ते लिहितो, चुकलं असेल तर सांग. तुझं वेल्डिंग कापलं. कापताना वाईट वाटलं. आधी नळ जोडाला नुसता हाताने लावून, सपाट बसतो आहे हे पट्टी लावून पाहिलं आणि मग तसाच ठेवून वेल्डिंग केलं. नळ जागेवर ठेवला आणि केबलच वेगळी पट्टी लावून वरून फिरवली. आता ती नळापासून वीतभर लांब आहे. क्लच पहिल्याइतकाच हलका आहे, दोनच बोटं लागतात. भोकात गरमी सोसणारं रबर बसवलं. पॅकिंग या वेळी घरीच केलं. तू शिकवलंस तसं, शीट जोडावर ठेवून हातोडीच्या गोल तोंडाने कडेकडेने ठोकत गेलो. कापायचं नाही, ठोकायचं. ठोकता ठोकता शीट आपोआप सुटत जाते आणि खालच्या लोखंडाचा आकार घेऊन हातात येते. आठवीतून शाळा सुटली तेव्हा तू हे पहिलं शिकवलंस. आजही तो आकार हातात आला की अंगावर काटा येतो.

काल संध्याकाळी त्यांच्या गावी गेलो, पोती भरली आणि आज पहाटे निघालो. सगळ्या काचा वर. ताई चालवायला, मी शेजारी. ग्रामसभेने साक्षीदार म्हणून झिंगूकाकांना पाठवलं, ते मागे पोत्यांवर बसले.

गाव सुटलं आणि मी मागे पाहिलं, तर काकांचे डोळे मिटलेले, मान खाली. मी त्यांना धरून गदागदा हलवलं. "काका! काका, उठा! ताई, गाडी थांबवा!"

काका खेकसले, "अबे झोपू दे ना पोट्ट्या! रातभर मोह राखत होतो मी, अस्वलं येऊन राह्यले!"

ताई इतक्या हसल्या, की गाडी खरंच थांबवावी लागली.

आणि थांबली तेव्हा आम्हाला ऐकू आलं, की काहीच ऐकू येत नाही. इंजिन चालू होतं, दादा. पण ती फटफट नव्हती. नुसती एक घरघर, मांजर मांडीवर बसल्यावर करतं तशी. बाहेर अजून तांबडं फुटत होतं. ताईंनी बोटाने समोर दाखवलं. वळणाच्या मोहाखाली एक अस्वल बसलं होतं. मागच्या पायांवर, माणसासारखं. जमिनीवरची फुलं नाकाने फुंकून, धूळ उडवून, एक एक खात होतं. आम्ही इतक्या जवळ आलो, तरी त्याला पत्ताच नव्हता. त्याच्या फुंकरीचा आवाज मला काचेतून ऐकू येत होता.

मी आजवर इतकी इंजिनं ऐकली, पण शांत इंजिन कशासाठी असतं, हे मला आज समजलं.

ते आपण होऊन उठून गेलं, तेव्हा ताई हळूच म्हणाल्या, "आता हॉर्न मारत जा लागते, मिथुन. गाडी येऊन राह्यली हे अस्वलाले बी मालूम नाई पडत."

गडचिरोलीपर्यंत त्यांना झोप आली नाही, डोकं दुखलं नाही. मोहाचा वास तेवढाच होता. माल उतरवला आणि परत धानोऱ्याला आलो. टपरीवर काका गाडीतून उतरले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "गाडी पेत होती बे. बुधरी नाई." मग ताईंपुढे उभे राहून म्हणाले, "पोरी, हासलो मी. हासाले नोको होतं." राहिलेला सगळा माल बुधरीताईच नेणार, असं त्यांनी तिथेच जाहीर केलं.

आता जे लिहायला मी इतकी पानं घेतली, ते लिहितो.

तू बल्लारपूरला अशाच तीन गाड्या केल्या आहेस. स्टेटसला फोटो होते. एक कोरपन्याच्या कापूसवाल्या भाऊंची, बाकी दोन कोणाच्या ते मला माहीत नाही. तिन्ही मारुतीच. एक फोटो खालून घेतलेला आहे, "केबल कधीच तापणार नाही" असं तू त्यावर लिहिलं आहेस. मी तो मोठा करून पाहिला. नळ तसाच सरकवलेला आहे. वेल्डिंगही तेवढंच सुंदर.

दादा, त्या गाड्यांत मोह नसेल. पण हिवाळ्यात काचा वर असतील. डोकं दुखलं तर ते लोकही काही ना काही कारण शोधतील, आणि ते कारण गाडी नसेल.

जाताना तू गिऱ्हाइकांसमोर म्हणाला होतास, "तू नट मोजत बस, मी गाड्या बनवतो." मला ते लागलं होतं. पण आज हे पत्र त्याचा हिशोब म्हणून लिहीत नाही. तू गाड्या बनवतोस, हे खरंच आहे. मला जन्मात तो क्लच सुचला नसता. बुधरीताई आज स्वतः चालवत गडचिरोलीला गेल्या, त्या तुझ्यामुळे. मी फक्त नट मोजले. पण त्या तीन गाड्यांचे नटही कोणीतरी मोजायला हवेत.

आजच तिघांना फोन कर. काचा खाली ठेवून चालवा, जमलं तर चालवूच नका, म्हणून सांग. तू बोलावलंस तर मी येतो. तू खाली शिर, मी पाने देतो, पूर्वीसारखं. कोणी काम केलं, हे कोणाला सांगायची गरज नाही. वहिनी, ते हे वाचून गप्प बसले, तर तुम्ही फोन करायला लावा. ते तुमचं ऐकतात.

हे पत्र टायरवाल्या अजयच्या हाती देतो, तो दुपारच्या गाडीने बल्लारपूरला निघणार आहे. सोबत केबल फिरवल्याचं चित्र आहे. पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये तीन पॅकिंगं आहेत, काल आणि परवा ठोकून केलेली. वाकवू नकोस.

साडेअकरा झाले. सायलेन्सर थंड आहे. नट पुन्हा आवळून आलो. प्रत्येक नट थोडा थोडा फिरला, एका बाजूचा जास्त आणि दुसरीकडचा कमी असं झालं नाही. जोड सरळ बसला.

पॅकिंग शीट ४२० रुपये, नवे स्टड आणि नट १८०, रबर ६०, वेल्डिंगच्या कांड्या ९०. एकूण खर्च ७५० रुपये. बुधरीताईंनी ५०० दिले, बाकी माल विकल्यावर देणार आहेत. वर आईसाठी पायलीभर मोह.

तुला पाठवलेल्या तीन पॅकिंगांचे काही नाही.

तुझ्याकडून येणे: त्या तीन गाड्यांतून निघालेली जुनी पॅकिंगं. जळकी असोत की चांगली, तिन्ही पाठव. ती हातात येईपर्यंत माझा जीव भांड्यात पडणार नाही.

तुझाच,
मिथुन